श्टियाव्नित्सा: आधी खाणीत उतरा, मग तळ्यावर जा, चौक शेवटी

स्लोव्हाकियातल्या नित्राला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. नवरा इथल्या कार कारखान्यात, जॅग्वार लँड रोव्हरचा २०१८ला सुरू झालेला, म्हणजे मालक आपले टाटाच, त्यामुळे पुण्या-पिंपरीकडची मंडळी इथे सतत येऊन-जाऊन असतात आणि सुट्टी मिळाली की सगळे व्हिएन्ना नाहीतर बुडापेस्ट गाठतात. आम्हीही तेच करत होतो. या वेळी सप्टेंबरात सासू-सासरे आले तीन महिन्यांच्या व्हिसावर, आणि दोन राजवाडे, चार चर्च बघून झाल्यावर बाबा म्हणाले, "अगं हे राजे-राण्या पुरे झाले आता, इथली साधी माणसं पोटापाण्यासाठी काय करायची ते बघायला मिळेल असं काही आहे का जवळपास?" बाबा भोसरीला बत्तीस वर्षं लेथवर होते. राजवाड्यातली सोन्याची खुर्ची दाखवली तरी त्यांचं लक्ष खुर्चीचा सांधा कसा बसवलाय तिकडे.

म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही पाचजण, लेक धरून, तीन दिवस बान्स्का श्टियाव्नित्साला जाऊन आलो. इथले लोक नुसतं श्टियाव्नित्सा म्हणतात, मी पण तेच लिहिते. जुन्या नकाशांवर जर्मन नाव शेमनित्स दिसेल आणि हंगेरियन नाव शेल्मेत्सबान्या, तिन्ही एकच गाव, कारण हा सगळा मुलुख शेकडो वर्षं हंगेरीच्या राज्यात होता, खाणीत काम करायला जर्मन कसबी लोक येऊन राहिले आणि भोवती वस्ती स्लोव्हाक लोकांची. नेटवर शोधताना ही तिन्ही नावं टाकून बघा, खूप जास्त माहिती सापडते.

आता मुद्द्याचं आधी सांगते. या गावाला जाणारे बहुतेक लोक चौकात जातात, रंगीत घरांचे फोटो काढतात, कॉफी पितात आणि संध्याकाळी परत. आम्हीही पहिल्या दिवशी तसंच केलं, शिवाय आम्ही पोचलो तो सोमवार आणि सीझन संपल्यावर सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात हे आम्ही बघितलंच नव्हतं, त्यामुळे चौकात फिरण्याशिवाय काही हातात नव्हतं. गाव सुंदर आहे, पण पहिल्या दिवशी ते मला इतर पाच सुंदर गावांसारखंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीत उतरलो, दुपारी तळ्यावर गेलो, आणि संध्याकाळी परत त्याच चौकात आलो तेव्हा तीच घरं वेगळी दिसायला लागली, कारण आता ती कशाच्या जोरावर उभी आहेत ते माहीत झालं होतं. तेव्हा तुम्ही गेलात तर क्रम आमच्या उलटा ठेवा. आधी जमिनीखाली, मग पाण्याकडे, मग वर गावात.

गाव एका जुन्या, केव्हाच थंड झालेल्या ज्वालामुखीच्या पोटात वसलंय, समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर, आणि ज्वालामुखीच्या भेगांमध्ये चांदी-सोन्याच्या शिरा. तेराव्या शतकात गावाला शहराचे हक्क मिळाले ते चांदीमुळेच. अठराव्या शतकात तर हंगेरीच्या राज्यातलं हे तिसरं मोठं शहर होतं, आज जेमतेम दहा हजार वस्ती असेल. चौकातून पाच मिनिटं चाललं की घरं संपतात आणि झाडी सुरू होते, तिथे उभं राहून हे आठवलं की कसंतरीच होतं.

खाणीचं म्युझियम गावाबाहेर आहे, चौकापासून दीड-दोन किलोमीटर, गाडी नसेल तर चालत जाता येतं पण चढ आहे. बार्तोलोमेय नावाच्या भुयारातून आत नेतात. आत जाताना हेल्मेट, रेनकोटसारखा लांब कोट आणि हातात दिवा देतात. वर्षभर आत आठ-दहा डिग्रीच तापमान असतं, तेव्हा भर उन्हाळ्यात गेलात तरी स्वेटर न्या, आणि चपला-सँडल अजिबात नको, खाली ओल आणि चिखल असतो. आमची टूर स्लोव्हाक भाषेत होती, बाकीच्यांना छापील कागद देतात इंग्रजीतला. इंग्रजी टूर हवी असेल तर आधी फोन किंवा मेल करून विचारा. एक-दीड तास लागतो, काही ठिकाणी छत खूप खाली येतं, उंच माणसांनी हेल्मेटचा पट्टा घट्ट बांधावा. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं, सासूबाई वर बाहेर थांबल्या आणि ते बरंच झालं.

आत सुरुवातीच्या भागात भिंतीवर छिन्नीचे घाव आहेत. बाबा तिथे थांबले आणि हलेचनात. दिवा भिंतीला चिकटवून आडवा धरला की उजेड तिरपा पडतो आणि प्रत्येक घाव वेगळा दिसतो, बोटभर लांब, सगळे एकाच दिशेने कललेले, वरून खाली उजवीकडून डावीकडे. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "उजव्या हाताचा माणूस होता, आणि घाईत नव्हता." पुढे दहा-बारा फुटांवर घावांचा कल बदलला तर म्हणाले, "इथून दुसरा लागला कामाला." खरं-खोटं मला माहीत नाही पण त्या भुयारात पहिल्यांदा मला माणूस दिसला. कठीण दगडात एका भुयारात वर्षभर खपून काही मीटर पुढे सरकायचं, असं ते काम. दगड फारच कठीण असेल तर लाकडं रचून आग लावायची, दगड तापला की तडकतो, मग तो धूर जाईपर्यंत थांबायचं आणि परत छिन्नी. हातोडी आणि छिन्नी एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या, हे खाणकामगारांचं चिन्ह, गावात जिथे बघाल तिथे दिसेल, दारावर, थडग्यावर, बिअरच्या ग्लासवर.

आणि मग सुरुंग. ८ फेब्रुवारी १६२७ या दिवशी इथल्या बीबर नावाच्या भुयारात कास्पार वाइन्डल नावाच्या टायरोलहून आलेल्या माणसाने बंदुकीची दारू दगडात ठासून उडवून दाखवली, खाणीच्या अधिकाऱ्यांसमोर. खाणकामात दारू वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक मानतात. आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावतात तो आवाज ज्यांनी गावाकडे ऐकलाय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. एरवी दारू माणसं मारायला होती, इथे ती दगड फोडायला आली. माझ्या आजोळी खानदेशात सुरुंग लावून खणलेली विहीर होती आणि मामा तिचा अभिमानाने उल्लेख करायचे, मला त्या भुयारात उभं राहून ती विहीर आठवली.

पण या गावाचा खरा शत्रू दगड नव्हता, पाणी होतं. खाण जितकी खोल जाईल तितकं पाणी जास्त, आणि ते वर काढायचं कसं? आधी माणसं बादल्यांनी काढायची, मग घोडे आले. तेलाच्या घाण्याला बैल फिरतो तसे घोडे गोल फिरवायचे आणि त्यावर पंप चालवायचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यांचा खर्च इतका वाढला की खाणी बंद करायची बोलणी सुरू झाली. जवळच्या नोव्हा बान्या गावात १७२२ मध्ये आयझॅक पॉटर नावाच्या इंग्रजाने वाफेचं इंजिन बसवून बघितलं, ब्रिटनच्या बाहेर युरोपात वाफेचं इंजिन आलं त्यातलं हे अगदी पहिलंवहिलं. पण वाफेला लाकूड लागतं आणि लाकूडही महाग.

यातून सुटका झाली ती पाण्यानेच, आणि हे मला फार म्हणजे फारच आवडलं. सामुएल मिकोविनी नावाचा नकाशे काढणारा, गणित जाणणारा इंजिनिअर आणि माटेय कॉर्नेल हेल नावाचा यंत्रं बनवणारा, या दोघांनी मिळून विचार केला की इथे मोठी नदी नाही पण पाऊस-बर्फ आहे, तर डोंगराच्या उतारावर पाट खणून सगळं पाणी गोळा करायचं, तलावात साठवायचं आणि तेच पाणी खाली सोडून पंप चालवायचे. म्हणजे वरचं पाणी वापरून खालचं पाणी काढायचं. असे साठेक तलाव झाले आणि त्यांना जोडणारे पाट शंभर किलोमीटरहून जास्त. आज वीस-पंचवीस तलाव शिल्लक आहेत. त्यांना इथे ताइख म्हणतात, जर्मन शब्दावरून आलेलं. "पाट" हा शब्द मी बाबांना सांगितला तेव्हा त्यांना एका क्षणात सगळी योजना कळली, मला स्लोव्हाक पाटी वाचून अर्धा तास लागला होता.

माटेयचा मुलगा योझेफ कारोल हेल, त्याने १७४९ मध्ये वेगळंच यंत्र बनवलं. खाणीच्या उभ्या विहिरीत वरून खालपर्यंत पाण्याने भरलेला पाइप सोडायचा, त्या उंच पाण्याच्या वजनाने खाली सिलेंडरमधला पिस्टन ढकलला जातो आणि पिस्टन पंप चालवतो. ना आग, ना लाकूड, ना घोडा. गावातल्या कामरहोफ म्युझियममध्ये त्याचं मॉडेल आहे. बाबा तिथे वाकून बघत बसले, व्हॉल्व्ह कुठे उघडतो, कुठे बंद होतो, आणि मग नवऱ्याला बोलावून म्हणाले, "अरे बघ, आपल्या कंपनीत हायड्रॉलिक प्रेस होती ना, तिचा हा खापरपणजोबा." नंतर याच हेलने दाबलेल्या हवेवर चालणारं पंपाचं यंत्रही केलं, आणि त्याचा कॉक उघडला की हवा इतक्या जोरात पसरून थंड व्हायची की बाहेर बर्फाचे कण पडायचे, लांबून आलेल्या पाहुण्यांना हे मुद्दाम दाखवायचे. तेव्हा असं का होतं ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, आज आपल्या घरातला फ्रीज काहीसा तसाच चालतो. योझेफचा भाऊ माक्सिमिलियान हेल व्हिएन्नाच्या वेधशाळेत मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला. एका घरात हे सगळं.

खाणीतून बाहेर आल्यावर लगेच तळ्यावर जा. गावापासून सगळ्यात सोयीचं क्लिंगर, चौकातून अर्ध्या तासात चालत पोचतो. उन्हाळ्यात लोक पोहतात, आम्ही गेलो तेव्हा थंडी होती आणि बीच-मेपलची पानं पिवळी-तांबडी होऊन पाण्यावर पडलेली, आमच्याशिवाय कुत्रा फिरवणारे एक आजोबा होते बस. गाडी असेल तर रोझग्रुंड बघा, मातीचं धरण आहे १७४४चं, भिंत इतकी उभी की आजच्या इंजिनिअरलाही भीती वाटावी, आणि आजतागायत उभी. अजून वेळ असेल तर पोचूवाद्लो, ते मोठं आहे, तिथे हॉटेलं-होड्या आहेत, मुलांना तेच आवडेल. लेकीने क्लिंगरच्या बांधावर बसून विचारलं की हे तलाव खोटे आहेत का, म्हणजे माणसांनी केलेले. मी म्हटलं हो, तर म्हणाली पण झाडांना माहीत नाहीये.

भुयारांबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. खाणीचं पाणी पंपाने वर आणण्यापेक्षा सगळ्यात खालच्या पातळीवर डोंगराच्या आरपार भुयार काढून ते थेट ह्रोन नदीत सोडायचं असं ठरलं, वोझ्नित्सा गावापर्यंत. काम १७८२ला सुरू झालं आणि १८७८ला संपलं. शहाण्णव वर्षं, साडेसोळा किलोमीटर. पहिल्या दिवशी ज्याने पहार मारली त्याच्या पणतवाने शेवटचा दगड काढला असेल. हे भुयार आत जाऊन बघता येत नाही, पण नित्राकडून येताना हायवेवर वोझ्नित्साची पाटी लागते, तिथून जाताना एवढं आठवा.

आता गाव. चौकाजवळच्या मोठ्या इमारतींपैकी कामरहोफ म्हणजे खाणींचा सगळा कारभार चालायचा ते ऑफिस, आता तिथे खाणकामाचं म्युझियम आहे, यंत्रांची मॉडेल बघायची असतील तर इथेच. खाणीचं कोर्ट होतं त्या इमारतीत खनिजांचं प्रदर्शन आहे आणि मागच्या अंगणातून एक छोटंसं भुयार आहे, मिखाल नावाचं, पाऊणशे मीटरचं. ज्यांना मोठ्या खाणीत उतरायची भीती वाटते किंवा झेपणार नाही त्यांच्यासाठी हे उत्तम, सासूबाई इथे आल्या आणि खूष झाल्या. टाऊन हॉलच्या घड्याळाकडे बघा, काटे उलटे आहेत, मोठा काटा तास दाखवतो आणि लहान मिनिटं. बस पकडायची असेल तर आपल्या मोबाइलमध्येच वेळ बघा.

मायनिंग अकॅडमीच्या इमारती चौकापासून थोड्या वर आहेत, बोटॅनिकल गार्डनमध्ये. इथे १७३५ मध्ये खाणकामाची शाळा निघाली, मिकोविनी तिथे पहिले शिक्षक, आणि १७६२ मध्ये मारिया थेरेसा राणीने तिची अकॅडमी केली. विशेष काय, तर विद्यार्थ्यांनी केमिस्ट्री स्वतःच्या हाताने प्रयोगशाळेत करायची, सरांनी करून दाखवायची आणि पोरांनी बघायची असं नाही. १७९४ मध्ये पॅरिसला नवीन तंत्रशाळा काढायची ठरली तेव्हा याच पद्धतीचा दाखला देऊन तशी शाळा हवी असं सांगितलं गेलं. आणि १८४७ मध्ये इथे गणित-फिजिक्स शिकवायला कोण आलं, तर क्रिस्तियान डॉपलर. सासूबाईंच्या पायाची मागच्या वर्षी डॉपलर टेस्ट झाली होती, त्यांना मी सांगितलं की ते डॉपलर इथेच राहायचे, दोनेक वर्षं शिकवत होते, तर त्या त्या इमारतीसमोर थांबल्या आणि हात जोडले. पहिलं महायुद्ध संपलं, देश बदलला, आणि १९१९ मध्ये अकॅडमी हंगेरीत शोप्रोनला निघून गेली. गावाचं नशीब खाणींबरोबर उतरत होतंच, अकॅडमी गेल्यावर ते अजून शांत झालं. शेवटच्या मोठ्या खाणीही १९९०च्या दशकात बंद पडल्या. बागेत तेव्हाच्या फॉरेस्ट्रीवाल्यांनी लावलेले अमेरिकन सिकोया आहेत, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

जुना किल्ला, स्तारी झामोक, आवर्जून बघा. मूळ हे तेराव्या शतकातलं चर्च. तुर्कांनी हंगेरीची राजधानी बुडा घेतली, ते वर सरकायला लागले, तेव्हा १५४६ ते १५५९ या काळात चर्चचाच किल्ला केला, छत काढलं आणि चर्चचा मधला भाग झाला किल्ल्याचं अंगण. तुम्ही अंगणात उभे असता तेव्हा खरं चर्चमध्ये उभे असता, दोन्ही बाजूंच्या खांबांच्या खुणा नीट बघितल्या की कळतं. समोरच्या टेकडीवर पांढरा नवा किल्ला, १५७१चा, टेहळणीसाठी. गाव कधी तुर्कांच्या हाती पडलं नाही.

पण जुन्या किल्ल्यात मी सगळ्यात जास्त रमले ते मातीच्या चिलमींच्या दालनात. पाइप म्हणा, चिलीम म्हणा, इथे फाइका म्हणतात. श्टियाव्नित्साच्या फाइका अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लांब लांब जायच्या. बारीक माती मळायची, दोन भागांच्या साच्यात दाबायची, भोक पाडायचं, वाळली की घासून घासून चकाकी आणायची, कारागिराचा शिक्का मारायचा आणि भाजायची. वर पितळेचं झाकण. काही इतक्या गुळगुळीत आणि काळपट तांबड्या की चिंचोक्यासारख्या दिसतात. शिक्का जेमतेम तांदळाएवढा, भिंगातून बघावा लागतो. एका चिलमीवर कारागिराच्या अंगठ्याचा ठसा राहिलेला, बुडाशी, झाकला जाईल अशा जागी. खाणीत चांदी काढणाऱ्याचं नाव कुठेच उरलं नाही, पण चिलीमवाल्याचं उरलं, असं बाबा म्हणाले. सिगरेट आली आणि हा धंदा बसला.

दुसरं हाताचं काम बायकांचं, लेस. खाणीतली मजुरी पुरायची नाही आणि खाणीत नवरा गेला तर घर उघड्यावर, म्हणून या सगळ्या खाणींच्या पट्ट्यात बायका-मुली लेस विणायच्या. क्रोशाची नव्हे. आपल्या बैठकीतल्या लोडासारखा कडक भरलेला लोड असतो, त्यावर नक्षीचा कागद, कागदावर टाचण्या आणि दोऱ्याच्या टोकांना लाकडी दांड्या बांधलेल्या, पंचवीस-तीस जोड्या. दांड्या एकमेकींवरून टाकायच्या, पीळ द्यायचा, टाचणी लावायची, परत टाकायच्या. एका छोट्या दुकानात एक बाई विणत बसल्या होत्या, दांड्यांचा आवाज टकटक-टकटक असा, बोलताना हात थांबत नव्हते. सासूबाईंनी बोटांनी खूण करून विचारलं एवढ्याला किती वेळ, त्यांनी बोटभर पट्टी दाखवली आणि दोन बोटं वर केली, दोन तास. सासूबाईंनी भाव न करता घेतली, त्या कधी भाव न करता काही घेत नाहीत. दुकानात विकत घेताना विचारून घ्या हाताची आहे का, मशीनची स्वस्त लेसही शेजारीच टांगलेली असते.

क्लोपाच्का नावाचा १६८१चा टॉवर चौकातून वर जाताना लागतो. पहाटे तिथे लाकडी फळीवर ठोकून खाणकामगारांना उठवायचे, कुणी गेलं की त्याच्या अंत्ययात्रेलाही ठोकायचे. खाणीत जाताना एकमेकांना "झ्दार बोह" म्हणायचे, देव यश देवो अशा अर्थाचं, आजही म्हातारे लोक म्हणतात. आमच्या टूरच्या बाईंनी शेवटी आम्हाला तेच म्हटलं आणि लेक आता शाळेत जाताना दारातून ओरडते.

कॅल्व्हरी म्हणजे गावाबाहेर टोकदार टेकडीवर पायरीपायरीने चढत गेलेली लहान देवळं आणि तीन चर्च, १७४४ ते १७५१ मध्ये बांधलेली. चालत पाऊण तास लागतो, वरून अख्खं गाव दिसतं, सूर्यास्ताला जा पण उतरताना टॉर्च हवी. मध्यंतरी फार पडझड, चोऱ्या झाल्या होत्या, २००८ मध्ये जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव होतं, मग लोकांनी स्वतः उन्हाळ्यात येऊन दुरुस्ती केली. टेकडीचा दगड बसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड, पायाखाली एकदम ओळखीचा वाटला.

आता जाण्या-राहण्याचं. ब्रातिस्लावाहून थेट बस कमी आहेत, नाहीतर झ्वोलेन किंवा झियार नाद ह्रोनोम इथे बदलावी लागते, सीपी डॉट एसके या साइटवर सगळी वेळापत्रकं असतात. बस खालच्या चौफुल्यावर सोडते, तिथून चौक चढावर, चाकाची बॅग दगडी रस्त्यावर ओढणं म्हणजे हाल, सॅक न्या. रेल्वे स्टेशन त्याहून खाली आहे. नित्राहून गाडीने सव्वा ते दीड तास, हायवेला इलेक्ट्रॉनिक टोल पास लागतो, तो ऑनलाइन आधी काढा. झार्नोवित्साला हायवे सोडून होद्रुशावरून डोंगराचा रस्ता घेतलात तर छान झाडी लागते, पण हिवाळ्यात बर्फ असेल तर तो टाळा. गावात पार्किंगला पैसे पडतात आणि चौकात जागा मिळत नाही. राहायला जुन्या घरातली खोली मिळाली तर बघा, फक्त किती पायऱ्या आहेत ते आधी विचारा. आम्हाला दिलेल्या खोलीच्या एकसष्ट पायऱ्या होत्या आणि जाहिरातीत "चौकापासून दोन मिनिटं" एवढंच. एक रात्र तरी राहाच, दिवसभरात येऊन जाण्याचं हे गाव नाही.

शाकाहारी लोकांसाठी: हालुश्की म्हणजे बटाट्याच्या छोट्या गोळ्या मेंढीच्या चीजमध्ये, पण वर डुकराच्या चरबीचे तुकडे टाकतात, "बेझ स्लानिनी" म्हणजे त्याशिवाय असं स्पष्ट सांगा आणि आल्यावर परत बघा. तळलेलं चीज सगळीकडे मिळतं. लसणाचं सूप मागताना स्टॉक मांसाचा आहे का विचारा. आम्ही मेतकूट, लोणचं आणि थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन गेलो होतो, क्लिंगरच्या काठावर बसून मेतकूट-भात खाल्ला. शक्य असेल तर सप्टेंबरात जा, ९ तारखेच्या आसपास सालामांडर नावाची मिरवणूक असते, खाणकामगारांचे काळे गणवेश, कंदील, आणि पुढे तो धनगर ज्याला अंगाला सोन्या-चांदीची धूळ लागलेल्या सरड्यांनी खाण दाखवली अशी गोष्ट आहे. आमची ती महिनाभराने हुकली, पण त्या आठवड्यात राहायची जागा फार आधी घ्यावी लागते असं सगळे सांगतात.

परतीच्या दिवशी वाकडी वाट करून क्रेम्नित्साला गेलो, तासाभराचा रस्ता. तिथली टाकसाळ १३२८ची, आजही चालू, स्लोव्हाकियाचे युरो तिथेच पडतात. श्टियाव्नित्सात चांदी, क्रेम्नित्सात सोनं आणि टाकसाळ. क्रेम्नित्साचं सोन्याचं नाणं चौदाव्या शतकापासून व्यापारी डोळे झाकून घ्यायचे. नाणी-पदकांचं म्युझियम चौकातच आहे, दोन तास ठेवा. आणि एक गोष्ट तिथे कळली. १९९०च्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे नाण्यांची टंचाई होती तेव्हा भारत सरकारने बाहेरच्या टाकसाळींकडून नाणी पाडून घेतली, त्यातले काही एक रुपये या क्रेम्नित्सात पाडलेले आहेत, वर्षाच्या आकड्याखाली बारीक एमके अशी खूण असते. बाबांनी तिथूनच माझ्या नणंदेला पुण्याला फोन लावला की देवघराखालच्या डब्यातले सगळे रुपये काढ आणि भिंग घेऊन बस. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. चाळीसेक नाणी बघून झाली तेव्हा तिचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, धूसर, हळदीचं बोट लागलेला, पण एमके वाचता येत होतं.